रायफलीच्या पॅकेजचा हिशेब

‘बिगिनर पॅकेज’ या शब्दांखाली नेमकं काय यायला हवं, याचा कुठेही नियम नाही. एका कोटेशनमध्ये रायफल, जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह, स्टँड, एक डोळा झाकायचा ब्लाइंडर, पेलेटचे डबे आणि हार्ड केस असते. दुसऱ्यात यादी हीच, पण रिअर साइट (नेम धरायचं मागचं साधन) वेगळी विकत घ्यायची असते आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिसऱ्यात रायफल वापरलेली आणि बाकीचं सगळं नवं. तिन्ही कागदांच्या तळाशी एकेकच आकडा असतो. तो आकडा वाजवी आहे का, हे सांगणं कोल्हापुरातल्या एका नेमबाजी प्रशिक्षिकेच्या कामाचा भाग कधी झाला, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्या दुकान चालवत नाहीत, कुठल्या डीलरकडून कमिशन घेत नाहीत. बहुधा म्हणूनच पालक कागदाची घडी उलगडून त्यांच्यापुढे धरतात. “मॅडम, एवढं बरोबर हाय का, तेवढं बघा की.”

मॅडम स्वतः एनसीसीतून नेमबाजीत आल्या. त्यांच्या वेळी क्लबची एक रायफल अनेक जणींत फिरायची. प्रत्येकीची उंची वेगळी, हाताची लांबी वेगळी, त्यामुळे पाळी आली की आधी बट प्लेट सरकवायची, मग चीकपीस वर-खाली करायचा आणि मगच नेम धरायचा. मापात बसलेली रायफल म्हणजे काय असतं, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. पण दुसऱ्याच्या मापाची रायफल काय करते, हे त्या पुरेपूर शिकल्या. आज कोटेशन वाचताना त्यांची पेन्सिल ब्रँडच्या नावावर थांबत नाही. स्टॉक किती लहान होतो, रायफलीचं वजन किती आणि ती उजव्या हाताची आहे की डाव्या, ही माहिती त्या आधी शोधतात. बहुतेक कागदांवर ती नसतेच.

कोल्हापूरला या खेळाचं वेड आहे आणि त्याला आधारही आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. मग १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं आणि रेंजवर चौकशी करणाऱ्यांची रीघ लागली. त्यातल्या बहुतेकांना एअर रायफल आणि स्वप्नीलच्या हातातली .२२ यांतला फरक माहीत नव्हता. .२२ला शस्त्रपरवाना लागतो आणि तिच्यात काडतूस असतं. दहा मीटरची एअर रायफल ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा पेलेट दाबलेल्या हवेनं सोडते. आपल्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल त्या मर्यादेच्या अर्ध्याहूनही खाली, साडेसात ज्यूलच्या आसपास असते. जर्मन रायफलीवर पंचकोनात कोरलेला ‘एफ’ हीच साडेसात ज्यूलची मर्यादा सांगतो.

ही माहिती किमतीच्या संदर्भात महत्त्वाची ठरते, कारण जाहिरातीत ‘पॉवर’ विकली जाते. एकदा एक वडील मुलासाठी स्प्रिंगची दणकट एअरगन घेऊन आले. किंमत मॅच रायफलीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती आणि दुकानदारानं ‘जास्त पॉवर’ म्हणून ती गळ्यात मारली होती. कागदी टार्गेट भेदायला दहा मीटरवर जास्त जोर लागतच नाही. तिथे लागतं ते सातत्य, प्रत्येक पेलेट सारख्याच वेगानं बाहेर पडण्याचं. स्प्रिंग सुटताना आतला पिस्टन पुढे धावतो, रायफल हातात उडते आणि मूल धक्क्याच्या आधीच डोळा मिटायला शिकतं. ती सवय मोडायला जो काळ जातो, तो कुठल्याही बिलावर लिहिलेला नसतो. मॅडमना स्वस्त पॅकेजची भीती महागापेक्षा जास्त वाटते, ती यामुळे. मात्र शालेय आणि राज्य स्पर्धांत ओपन साइटचाही, म्हणजे साध्या उघड्या साइटवर नेम धरणाऱ्यांचाही, गट असतो. त्यासाठी बऱ्यापैकी देशी रायफल घेतली, तर तो पैसा वाया गेला असं त्या म्हणत नाहीत. आपण कुठल्या गटासाठी घेतोय, एवढं घेण्याआधी ठरलेलं असावं.

डीलर भरमसाट नफा काढतात, असं रेंजवर सगळेच बोलत. मॅडमनी एकदा हिशेब मांडून बघायचं ठरवलं. जर्मनीतल्या वरच्या वर्गातल्या नव्या मॅच एअर रायफलीची किंमत तिथेच दोन ते तीन हजार युरो, कधी त्याहूनही पुढे. २०२४मध्ये युरो नव्वद रुपयांच्या घरात होता. म्हणजे अडीच हजार युरोची रायफल जहाजात चढण्याआधीच सव्वादोन लाखांची. त्यावर वाहतूक, कर, आयातीची कागदपत्रं आणि पैसा अडकून राहण्याचा काळ. हे मांडल्यावर तीन लाखांच्या आसपासचा आकडा बघून त्यांना राग येईना. उलट तीच रायफल ‘बॉक्सपॅक, एक लाख वीस हजार’ अशी कोणी देऊ केली, तर त्या सावध होऊ लागल्या. कागदाकडे बघण्याची त्यांची रीत इथे पालटली. त्या दिवसापासून एकूण आकडा त्या सगळ्यात शेवटी वाचतात.

आधी वाचतात सिलिंडर.

आजच्या मॅच रायफलीखाली हवेचा लांबट सिलिंडर असतो, साधारण २०० बार दाबाचा. त्यावर तारीख कोरलेली असते. जर्मन कंपन्या त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवर टाकलेली आहे. एका राज्य स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर एका मुलीचा सिलिंडर बाजूला काढला गेला. रायफल चकचकीत होती आणि वडिलांनी ती ‘नव्यासारखी’ म्हणून नव्याच्या जवळपास दरानं घेतली होती. सिलिंडरची मुदत मात्र कधीच उलटून गेली होती. ओळखीच्या एका मुलानं आपला जादा सिलिंडर दिला आणि योगायोगानं तो बसला, म्हणून ती खेळू शकली. एका कंपनीचा सिलिंडर दुसरीच्या रायफलीला बसेलच असं नाही, आणि नवा घ्यायचा तर पाच आकडी खर्च. तेव्हापासून वापरलेल्या रायफलीच्या दरातून मॅडम सिलिंडरचं संपलेलं आयुष्य वजा करतात. दहातली आठ वर्षं गेली असतील, तर त्या सिलिंडरची किंमत त्यांच्या लेखी जवळपास शून्य. दुकानदार म्हणतो, “अहो, चालतोय की अजून.” चालत असतोही. पण २०० बारची हवा मुलाच्या गालापासून वीतभर अंतरावर असते आणि या एका बाबतीत त्या घासाघीस करत नाहीत.

वापरलेली रायफल घेण्यात त्यांना काहीच वावगं वाटत नाही. उलट नव्या मुलांना त्या तीच सुचवतात. नीट जपलेल्या रायफलीची नळी शिशाच्या मऊ पेलेटनं सहजी झिजत नाही. मात्र बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. संध्याकाळी सिलिंडर भरून काटा कुठे आहे ते लिहून ठेवायचं. सकाळी काटा खाली आला असेल, तर सील गेलेत. रायफल क्लॅम्पमध्ये आवळून दहा मीटरवर दहा पेलेट सोडायचे. निरोगी मॅच रायफल ते जवळजवळ एकाच भोकात घालते. क्रोनोग्राफ मिळाला तर पेलेटचा वेग बघायचा. तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असावा आणि दर वेळी त्याच आकड्याजवळ राहावा. रिअर साइटच्या चकत्या दोन्ही दिशांना फिरवून क्लिक सारखे वाजतात का, हे बोटांनी ऐकायचं. रायफलीवरचा क्रमांक मूळ बिलावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. बिलच नसेल तर मॅडम तिथेच थांबतात, मग दर कितीही मोहात पाडणारा असो. भोगावतीकाठच्या एका ऊसकरी शेतकऱ्यानं ही सगळी तपासणी बघून मान डोलावली होती. “म्हंजे बैलाचे दातच बघायचे म्हणा की.”

त्याच शेतकऱ्याचं कोटेशन मॅडम आजही नव्या पालकांना नाव झाकून दाखवतात. मुलगी आठवीतली. क्लबच्या रायफलीवर एक हंगाम खेळून तिनं चिकाटी दाखवली होती, त्यामुळे स्वतःची रायफल घेण्याचा विचार अवेळी नव्हता. कागदावर ‘कंप्लीट ऑलिम्पिक पॅकेज, २,३५,०००’ एवढंच. मॅडमनी दुकानात फोन लावून एकेका वस्तूचा दर मागितला. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर तो मिळाला. वापरलेली जर्मन रायफल १,४५,०००. मापाचं नवं जॅकेट-ट्राउझर ३८,०००. बूट १४,०००. हँडपंप १६,०००. पेलेटचे दहा डबे ८,०००. ग्लोव्ह, स्टँड, ब्लाइंडर, केस आणि सफाईचं सामान मिळून १४,०००.

मग एकेका ओळीवर चर्चा झाली. रायफल चांगली निघाली, पण सिलिंडरची मुदत वर्षभरात संपत होती. हँडपंपाची गरजच नव्हती, कारण रेंजवर सिलिंडर भरून मिळतो. शिवाय तेरा वर्षांच्या मुलीनं २०० बारपर्यंत पंप मारणं म्हणजे सरावाआधीच खांदे थकवणं. पेलेट गोल तोंडाचे होते. कागदावर गोल, स्वच्छ भोक पडायला सपाट तोंडाचा पेलेट लागतो, नाहीतर गुणांवरून वाद होतात. केस रायफलीबरोबर येतच होती, ती वेगळी लावण्यात अर्थ नव्हता. राहिले कपडे. मुलगी वाढीच्या ऐन वयात, आणि तिच्यासाठी अंगाबरोबर शिवलेलं नवं जॅकेट.

जॅकेटविषयी इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पालकांची सर्वाधिक फसगत याच वस्तूत होते. नेमबाजाचं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं, ताठ असतं. पाच-साडेपाच किलोंची रायफल उभ्यानं धरताना पाठीला आणि कमरेला ते आधार देतं. साडेपाच किलो ही एअर रायफलीची कमाल मर्यादा आहे. हौशी माणूस बोटांनी दाबून बघतो आणि जितकं कडक तितकं भारी समजतो. नियम मात्र उलट्या दिशेनं बांधलेले आहेत. कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये आणि यंत्रानं दाबल्यावर ते किमान ३ मिलिमीटर खाली गेलं पाहिजे. बुटांचेही तळवे चवड्याशी ठरलेल्या कोनात वाकलेच पाहिजेत. वर्षानुवर्षं घामानं आणि उन्हानं कडक झालेलं जुनं जॅकेट तपासणीत अडकू शकतं आणि नवं, जाडजूड, दिखाऊ जॅकेटही अडकू शकतं. जाडी आणि ताठपणा मोजून दाखवायला जो दुकानदार तयार नसतो, त्याच्याकडचं जॅकेट मॅडम घेऊ देत नाहीत. आणि जॅकेट कितीही नियमात बसलं, तरी वाढत्या मुलीला ते किती महिने येणार, हा प्रश्न उरतोच. मापानं शिवलेलं जॅकेट दुसऱ्याला नेमकं बसेल याचा भरवसा नसतो, म्हणून विकायला गेलं की त्याचा भाव कोसळतो. रायफलीचा तसा कोसळत नाही.

क्लबमधली एक मोठी मुलगी वरच्या मापात गेली होती. तिचं जॅकेट-ट्राउझर यंत्रावर तपासून १५,०००ला मिळालं, बूट ५,०००ला. दुकानदारानं रायफलीला नवा सिलिंडर घालून द्यायचं कबूल केलं आणि रायफल १,५०,०००ला ठरली, म्हणजे आधीपेक्षा पाच हजारांनी महाग. शेतकऱ्याला हे सुरुवातीला पटेना. दर कमी करायला गेलो आणि वाढवून कसे आलो? मॅडमनी सिलिंडरवरची नवी तारीख दाखवली. ती मुलगी पदवी घेईपर्यंत पुरणार होती. सपाट तोंडाच्या सरावाच्या पेलेटचे दहा डबे ८,०००, बाकीचं किरकोळ सामान ९,०००. सगळं मिळून १,८७,०००. वाचलेले ४८,००० ऊसबिलाच्या पैशातून वेगळे काढून ठेवायला मॅडमनी सांगितलं, कारण खरा खर्च पुढे होता.

पालकांना सांगताना त्यांना सर्वात जड जातो तो हाच भाग. आंतरराष्ट्रीय सामना ६० फैरींचा असतो. त्याआधी सरावाचे शॉट, शिवाय नुसत्या होल्डचा आणि ट्रिगरचा व्यायाम. रोज शंभरेक पेलेट सहज जातात. डब्यात ५०० पेलेट. आठवड्यातले पाच दिवस सराव धरला, तर आठवड्याला एक डबा. सरावाचा डबा ८०० रुपयांचा धरला, तर वर्षाला चाळीस हजारांवर पेलेटच. स्पर्धेसाठीचे वेचीव मॅच पेलेट त्याहून महाग, आणि ४.४९, ४.५० अशा डोक्याच्या मापांतून आपल्या नळीला कुठलं चांगलं बसतं, हे तपासायचं वेगळंच. त्याशिवाय रेंजची फी, प्रवास, स्पर्धांचं प्रवेशशुल्क. सगळी पुंजी रायफलीत घालून बसलेल्या घरातली मुलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पेलेट मोजून वापरू लागतात. मॅडमनी अशी मुलं पाहिली आहेत. हातात महागडी रायफल आणि दिवसाला वीस शॉट. त्यांच्या बरोबरीची, साध्या वापरलेल्या रायफलीवर रोज शंभर शॉट मारणारी मुलं पुढे निघून जात. टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तिथे पोचायला हातानं तेवढी उजळणी केलेली असावी लागते. मॅच रायफलीत पेलेटशिवाय ट्रिगर ओढायची सोय असते, त्यामुळे ड्राय फायरिंगला पैसे पडत नाहीत. त्याच्या बळावर काही मुलं तग धरतात. तरी सगळं त्यावर निभत नाही.

म्हणून पॅकेज वाजवी आहे का, या प्रश्नावर मॅडम उलट प्रश्न विचारतात. वर्षभराचे पेलेट बाजूला ठेवून हातात किती उरतात? त्या रकमेत बसतं ते पॅकेज. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराला त्यांनी रायफल न घेण्याचा सल्ला दिला होता. मुलगा हुशार होता, क्लबची रायफल त्याच्या मापाला लागत होती. त्यांनी फक्त बूट, ग्लोव्ह आणि पेलेट घ्यायला लावले. रायफल क्लबची वापरली, तरी बूट आणि ग्लोव्ह स्वतःचेच हवेत, कारण उभं राहण्याची जागा आणि रायफल टेकवण्याची मूठ रोज तीच राहते. नातेवाइकांनी त्या कामगाराला टोमणे मारले. मॅडमना आजही तो सल्ला बरोबर वाटतो.

रायफल उजव्या हाताची घ्यायची की डाव्या, यात डोळ्याचंही एक प्रकरण आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट दाखवायचं, मग एकेक डोळा मिटायचा. बोट ज्या डोळ्यानं जागेवर राहतं, तो प्रबळ. उजव्या हाताच्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. महागडं पॅकेज घेतल्यावर एका मुलीचे शॉट महिनाभर डावीकडे पसरत होते. मॅडमनी तपासलं तेव्हा कारण सापडलं, पण स्टॉक उजव्या हाताचाच होता आणि दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. शेवटी ब्लाइंडरनं डावा डोळा झाकून तिला उजव्या डोळ्याची सवय लावावी लागली. जमलं, पण वेळ गेला. कोटेशन मागवण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आता त्या रेंजवर सगळ्यांचीच होते.

नफा घेऊनही प्रामाणिक राहणारे विक्रेते आहेत, हे मॅडम आवर्जून सांगतात. एका डीलरचा दर बाजारापेक्षा वर असायचा. पण वर्षभर सील फुकट बदलून मिळायचे, स्टॉक मुलाच्या मापाला लावून मिळायचा आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री फोन उचलला जायचा. ज्या गावात रायफल दुरुस्त करणारा आर्मरर नाही, तिथल्या घराला हा जादा दर स्वस्तच पडतो. कोल्हापुरात, जिथे चार माणसं रायफल उघडून बघू शकतात, तिथे त्याची तेवढी गरज नसते. एकाच कागदावरचा एकच आकडा एका घराला वाजवी आणि दुसऱ्याला जड ठरतो.

अलीकडे मॅडम पालकांच्या हातून दुकानात एक चिठ्ठी पाठवतात. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा, सिलिंडरची तारीख, रायफलीचा क्रमांक, जॅकेटची जाडी आणि ताठपणा, पेलेटचं नाव आणि माप, बिल पालकाच्या नावावर. काही दुकानांनी आता स्वतःहूनच कोटेशन तसं द्यायला सुरुवात केली आहे. काही अजूनही म्हणतात, “पॅकेज आहे मॅडम, फोडता येत नाही.” अशा वेळी त्या पालकांना पुढच्या दुकानाचा पत्ता देतात आणि तोवर क्लबच्या रायफलीवर मुलाची वेळ लावून ठेवतात.